नांगरायचेच नाही, मग चुना मिसळायचा कुठे?

गडमुडशिंगी, वसगडे, सांगवडे या पट्ट्यातून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. ‘नांगरट सोडली. पाचट रानातच ठेवतो. आता कोणी म्हणतं, वर्षानुवर्षं युरिया पडून वरची माती आंबट झाली, चुना टाका. पण नांगरायचंच नाही, तर चुना मातीत जाणार कसा?’ प्रश्न रास्त आहे. त्याच्या आधीचा एक प्रश्न मात्र राहून जातो, तो म्हणजे तुमची माती खरोखर आंबट आहे का. गडमुडशिंगीच्या काळ्या रानात चुन्याचे पोते उतरवण्याआधी दहा वेळा विचार करावा, असे माझे मत आहे. पण अनेकांचे गावाकडे उसाचे रान असते आणि आजरा, भुदरगड, राधानगरीकडे भाताची किंवा भुईमुगाची पट्टी असते. तिथला हिशेब वेगळा.

आधी बघा, रान कोणत्या बाजूचे

कोल्हापूर जिल्ह्यात तासा-दोन तासांच्या प्रवासात पाऊस दहापटीने बदलतो. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, कोल्हापूर शहरात हजारभर आणि शिरोळात पाच-सहाशे. घाटमाथ्यावरचा पाऊस मातीतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो. मागे लोह आणि अॅल्युमिनियम उरते. म्हणून शाहूवाडी, पन्हाळ्याचा पश्चिम भाग, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड इथल्या तांबड्या, जांभ्याच्या माती आम्लधर्मी सापडतात. पूर्वेला हातकणंगले-शिरोळकडे सरकाल तसे उलटे होते. तिथे मातीत चुनखड असते, काही ठिकाणी क्षार वर आलेले असतात आणि काही राने चोपण झालेली असतात.

गडमुडशिंगी या दोन टोकांच्या मधे, आणि पूर्वेकडे झुकलेली. इथे उसाची पाने पिवळी पडली, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट दिसू लागला की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात. चुनखडीच्या रानात हे बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेने होते. मातीत लोह असते, पण सामू जास्त असल्यामुळे ते पिकाला घेता येत नाही. अशा रानात चुना टाकला तर केवडा हटत नाही, वाढतो.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. शेतातले कोरडे ढेकूळ फोडून आतल्या भागावर पांढऱ्या व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि कान जवळ न्या. बुडबुडे आले, चरचर ऐकू आली, तर मातीत मोकळी चुनखड आहे आणि चुन्याचा विषय तिथेच संपला. बुडबुडे आले नाहीत म्हणून माती आम्ल आहे असे मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

आणखी एक घोटाळा इथेच मिटवू. शिरोळकडे चोपण जमीन सुधारायला जिप्सम टाकतात, ते पाहून ‘जिप्सम काय, चुना काय, दोन्ही पांढरेच’ असे समजून चुना टाकणारे भेटतात. जिप्सम सामू वाढवत नाही. चुना वाढवतो. चोपण रानाचा सामू आधीच चढलेला असतो. तिथे चुना टाकणे म्हणजे पैसे देऊन रान बिघडवणे.

नांगरट थांबली की आंबटपणा वरच साठतो

विनानांगरणीची शेती कोल्हापूरला नवी नाही. प्रताप चिपळूणकर यांनी ऊस आणि भात या पद्धतीने घेऊन त्यावर सातत्याने लिहिले आणि इथल्या अनेकांनी त्यांचे वाचूनच नांगर सोडला. जमिनीतली जुनी मुळे जागीच कुजू द्यायची, हा त्यामागचा विचार पक्का आहे. पण नांगर थांबला की खताचा परिणाम वाटून जायचाही थांबतो. युरिया आणि अमोनियम सल्फेट दरवर्षी त्याच वरच्या दोन-तीन बोटांच्या थरात पडते, तिथेच त्याचे नायट्रेट होते आणि त्या क्रियेत आम्ल सुटते. ढोबळ हिशेब असा की १०० किलो अमोनियम सल्फेटने झालेली आम्लता मारायला सुमारे ११० किलो शुद्ध चुनखडीची भुकटी लागते, १०० किलो युरियासाठी सुमारे ८० किलो. चुनखडीच्या रानाला हे जाणवतही नाही. जांभ्याच्या मातीला जाणवते.

सामू ७ म्हणजे उदासीन. ६.५ च्या खाली माती आम्ल धरतात. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट होते, म्हणून ६ वरून ५ ला येणे किरकोळ नसते. ५.५ च्या खाली अॅल्युमिनियम विरघळू लागते, मुळांची टोके आखूड आणि जाड होतात, स्फुरद अडकून बसते आणि कडधान्यांच्या मुळांवर गाठी धरत नाहीत.

नमुना दोन थरांचा घ्या

नेहमीचा नमुना १५ सेंटिमीटर खोलीचा असतो. नांगरलेल्या रानात तो ठीक, कारण तेवढी माती मिसळलेली असते. विनानांगरणीच्या रानात तो फसवतो. वरच्या पाच सेंटिमीटरचा सामू ५.१ आणि खालच्या थराचा ६.१ असला, तर मिसळलेला नमुना मधलाच आकडा दाखवतो आणि कागदावर सगळे बरे दिसते. भुईमुगाचे बी मात्र त्या ५.१ मध्येच रुजायचे असते.

- पाचट, धसकटे हाताने बाजूला सारा. ती मातीत येऊ देऊ नका.
- खुरप्याने इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा करा. बाजूवरून वरच्या ५ सेंटिमीटरची माती एका घमेल्यात, ५ ते १५ सेंटिमीटरची दुसऱ्या घमेल्यात घ्या.
- एकरात १५-२० ठिकाणे, नागमोडी चालत. बांध, विहिरीचा काठ, शेणखताच्या ढिगाची जागा टाळा. खताच्या ओळीत खड्डा घेऊ नका, दोन ओळींच्या मधे घ्या.
- खत टाकून दोन महिने तरी झालेले असावेत.
- प्रत्येक घमेल्यातली माती कालवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. सावलीत वाळवा.
- कापडी पिशवीत गट नंबर, खोली, मागचे पीक आणि पुढचे पीक लिहिलेली चिठ्ठी घाला. ‘नांगरट नाही’ हेही लिहा. प्रयोगशाळेतल्या माणसाला ते आपोआप कळत नाही.

वरचे रान तांबडे आणि खालचे काळे असेल तर दोन्हींचे वेगळे नमुने करा. अशा रानाचा सरासरी सामू कुणाच्याच कामाचा नसतो.

कार्डावर काय असते, काय नसते

फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुख्य व सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळून १२ गोष्टी असतात. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टर आणि जिरायतीत दहा हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना असे माप होते. म्हणजे तुमच्या नावाच्या कार्डावरची माती शेजाऱ्याच्या रानातली असू शकते. शिवाय सामूचा आकडा माती आम्ल आहे एवढेच सांगतो, चुना किती टाकायचा हे सांगत नाही. चिकण माती आणि हलकी माती यांचा सामू सारखा ५.२ असला तरी चिकण मातीला कितीतरी जास्त चुना लागतो. त्यासाठी ‘चुन्याची गरज’ ही वेगळी तपासणी असते, ती बफर द्रावण वापरून करतात.

म्हणून नमुना देताना स्पष्ट विचारा: ‘चुन्याची गरज काढून मिळेल का? आणि तो आकडा किती खोलीसाठी असेल?’ कृषी विभागाची जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा, शेंडा पार्कचे विभागीय कृषी संशोधन केंद्र, कृषी महाविद्यालय, कणेरी आणि तळसंदे येथील कृषी विज्ञान केंद्रे ही विचारण्याची ठिकाणे. गडमुडशिंगीकरांना कणेरी जवळची. अनेक साखर कारखानेही सभासदांची माती तपासून देतात.

पीक कोणते, त्यावर चुना

सगळ्या पिकांना चुना एकसारखा मानवत नाही. ऊस सोशिक आहे, सामू ५ ते ८.५ मध्ये तग धरतो. वरच्या थराचा सामू साडेपाचच्या वर असेल तर केवळ उसासाठी चुन्याची घाई नको. नाचणी आणि काजूही आम्ल माती सोसतात. बटाट्याला तर थोडी आम्ल मातीच बरी, चुन्याने खवल्याचा रोग वाढतो. चुन्याला खरा प्रतिसाद देतात ते भुईमूग, सोयाबीन, हरभरा, वाल, पावटा, मका. भुईमुगात शेंग भरायला कॅल्शियम थेट आऱ्यांच्या थरात लागते. ते नसले तर शेंगा पोचट निघतात.

भाताची गोष्ट निराळी, आणि इथे अनेकांची गफलत होते. चिखलणी करून रोपलावण केलेल्या खाचरात पाणी साचले की काही आठवड्यांत मातीचा सामू आपोआप उदासीनतेकडे सरकतो. म्हणून जांभ्याच्या भागात पिढ्यान् पिढ्या चुन्याशिवाय भात पिकला. पण खाचर सोडून गादीवाफ्यावर टोकण भात घ्याल, तर पाणी साचत नाही आणि ही फुकटची दुरुस्तीही होत नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा भात तंत्रात वाफे एकदाच करतात आणि पुढे वर्षानुवर्षे मोडत नाहीत. आम्ल मातीत हे तंत्र घेणार असाल तर वाफे बांधण्याआधी सामू पाहाच. चुना मातीत कालवण्याची ती एकमेव सोपी संधी असते. वाफे झाल्यावर जाग आली तर पुढची सगळी वर्षे वरूनच टाकावा लागेल.

तीन वाटा

*पहिली: एकदाच मिसळा, मग नांगर टांगा.* दोन्ही थरांचा सामू पाचाच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर वरून टाकलेला चुना खालपर्यंत पोहोचायची वाट पाहण्यात वर्षे जातील. विनानांगरणी सुरू करण्यापूर्वी शिफारशीचा पूर्ण चुना १५ सेंटिमीटरपर्यंत मिसळून घ्या. काही जण ‘नांगर लावला म्हणजे व्रत मोडले’ असे मानतात. मला ते पटत नाही. एका कारणासाठी एकदा केलेली मशागत आणि दरवर्षीची सवय यांत फरक आहे.

*दुसरी: वरून, थोडा, बारीक.* फक्त वरचा थर आंबट असेल तर हीच वाट. प्रयोगशाळेचा आकडा १५ सेंटिमीटरसाठी असेल आणि तुम्हाला ५ सेंटिमीटरच सुधारायचे असतील, तर त्याचा तिसरा हिस्सा घ्या. समजा शिफारस हेक्टरी २ टन आहे. तिसरा हिस्सा झाला सुमारे ६६० किलो. हेक्टरचे १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला साधारण साडेसहा किलो. तुमच्या भुकटीची ताकद शुद्ध चुनखडीच्या ८० टक्केच असेल तर सव्वापट करा, गुंठ्याला आठ किलोच्या थोडे वर. पूर्ण दोन टन वरच ओतलेत तर वरच्या दोन बोटांत सामू भलताच चढेल आणि जस्त, लोह, मँगनीज अडकेल. आंबट रानात हौसेने केवडा आणल्यासारखे होईल.

चुना फार कमी विरघळतो. वर टाकलेला चुना वर्षाला फार तर एखादा इंच खाली उतरतो, हलक्या मातीत आणि मोठ्या पावसात थोडा जास्त. ब्राझीलच्या पराना राज्यात १९७२ पासून विनानांगरणीची शेती रुजली आणि तिथल्या तांबड्या आम्ल जमिनींत चुना असाच वरून टाकतात. खालच्या थरातल्या अॅल्युमिनियमचा त्रास कमी करायला सोबत जिप्सम देतात, कारण ते पाण्याबरोबर खाली जाते.

*तिसरी: ओळीत.* ईशान्य भारत आणि झारखंडातल्या आम्ल जमिनींवरच्या कामातून आलेली ही शिफारस छोट्या शेतकऱ्याला परवडणारी आहे. सगळ्या रानाऐवजी फक्त पेरणीच्या ओळीत, दर हंगामाला, हेक्टरी २ ते ४ क्विंटल बारीक चुना. म्हणजे गुंठ्याला २ ते ४ किलो. टोकण करताना ओळीत खुरप्याने उथळ चर काढून, चुना टाकून, मातीत हलवून मग बी लावा. बी थेट चुन्यावर पडू देऊ नका. आजऱ्याकडच्या अर्ध्या एकराच्या भुईमुगाला मी तरी हीच वाट सुचवेन.

केव्हा टाकायचा

चुन्याला काम करायला ओल लागते आणि वाहून जायला उतार. गगनबावड्यात जुलैच्या पावसात उघड्या रानावर भुकटी फेकाल तर ती खालच्या ओढ्यात सापडेल. दोन वेळा बऱ्या. एक, भात काढल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमिनीत घात असताना. दुसरी, मेअखेर वळवाचे एक-दोन पाऊस झाल्यावर. खोडव्यात पाचट पसरण्याआधी चुना टाका. पाचटावर टाकलेला चुना बराच काळ पाचटावरच राहतो. पसरून झाले असेल तर एका सरीतले पाचट शेजारच्या सरीत ओढा, चुना टाका, परत ओढा. कंटाळवाणे काम आहे, पण चुना मातीला लागायला दुसरा इलाज नाही.

कोणता चुना

- चुनखडीची भुकटी: शुद्ध असेल तर ताकद १०० धरतात. मंद पण सुरक्षित. पहिली पसंती हीच.
- डोलोमाइट: ताकद सुमारे १०९, सोबत मॅग्नेशियम मिळते. जांभ्याच्या मातीत मॅग्नेशियम कमी असेल तर उत्तम.
- विरवलेला चुना, म्हणजे फक्की: सुमारे १३५. लवकर काम करते, म्हणून कमी लागते.
- कळीचा चुना: सुमारे १७९. पाणी लागताच तापतो, डोळे-हात भाजतात, अंकुर जळतो. विनानांगरणीच्या रानात वरून टाकायला हा घेऊ नका.
- राख: थोडी आम्लता मारते. राब भाजलेल्या जागी रोपे तरारतात त्यात राखेचाही वाटा असतो. पण एकराला पुरेल एवढी राख कुणाकडे असते?
- कारखान्याची मळी: ‘प्रेसमडमध्ये चुना असतोच की’ हे वाक्य कोल्हापुरात हमखास ऐकू येते. जिथे कार्बोनेशन पद्धतीने रस साफ करतात तिथल्या मळीत चुनखड भरपूर असते. आपल्याकडचे बहुतेक कारखाने गंधकाचा धूर वापरणाऱ्या सल्फिटेशन पद्धतीचे. त्यांची मळी सेंद्रिय खत म्हणून चांगली, पण चुन्याऐवजी चालत नाही.

बारीकपणाला ताकदीइतकेच महत्त्व द्या. वरून टाकायची भुकटी वस्त्रगाळ हवी. चिमूटभर बोटांत चोळून पाहा. वाळूसारखी कणकण लागली तर ते खडे पुढची अनेक वर्षे तसेच पडून राहणार. भुकटीवर व्हिनेगर टाकल्यावर जोरात फसफसले तर चुनखड किंवा डोलोमाइट. डोलोमाइट जरा सावकाश फसफसते. अजिबात काही झाले नाही तर पोत्यात जिप्सम असण्याची शक्यता धरा.

हमखास होणाऱ्या चुका

चुना आणि युरिया एकाच आठवड्यात वर टाकणे ही सगळ्यात महागाची चूक. नत्राचा अमोनिया होऊन हवेत जातो आणि पाचट असेल तर आणखी वेगाने. ताज्या शेणखताचेही तेच. सुपर फॉस्फेटबरोबर चुना मिसळला तर स्फुरद पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात जातो. मधे दोन-तीन आठवडे सोडा.

वाऱ्याच्या दिवशी भुकटी फेकू नका. सकाळी लवकर, नाकातोंडाला फडके बांधून. रान आखून घ्या, अर्धा चुना उभा आणि अर्धा आडवा टाका, म्हणजे पट्टे उमटत नाहीत.

आम्लता वाढण्याचे कारण तसेच ठेवून नुसता चुना टाकत राहणेही चूकच. पश्चिमेकडच्या रानात अमोनियम सल्फेट टाळा, युरियाचे हप्ते विभागा आणि शक्य तिथे तो मातीआड करा.

विकत घेताना तुमचे हक्क

१. पावती घ्याच. पावतीवर मालाचे नाव, वजन, लॉट आणि तारीख हवी. ‘शेतीचा चुना’ एवढे मोघम लिहू देऊ नका. चुनखड, डोलोमाइट की फक्की, ते लिहायला सांगा.

२. कॅल्शियम कार्बोनेटच्या तुलनेतली टक्केवारी आणि बारीकपणा लेखी मागा. विक्रेता देऊ शकत नसेल तर दुसरीकडे जा.

३. पोते उघडताना दोन जणांसमोर किलोभर नमुना बंद पिशवीत काढून ठेवा. पोत्याचा फोटो घ्या, पोते फेकू नका.

४. फसवणूक झाली तर ‘शेती हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्या खटल्यात शेतकरी ग्राहक असल्याचे मान्य केले आहे, आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही स्वतःच्या चरितार्थासाठी घेतलेला माल व्यापारी खरेदी मानत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची असते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

पुन्हा कधी तपासायचे

वरून चुना टाकल्यावर लगेच दुसऱ्या महिन्यात नमुना नेऊ नका. न विरघळलेली भुकटी नमुन्यात आली की सामू खोटाच चढलेला दिसतो. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या आणि त्याच महिन्यात, त्याच दोन थरांचा नमुना घ्या. वरचा थर साडेसहाला पोहोचला असेल तर थांबा. खालचा थर अजून साडेपाचच्या खाली असेल तर वर आणखी चुना ओतण्याऐवजी जिप्समबद्दल कृषी विज्ञान केंद्रात विचारा. ओळीत चुना देत असाल तर दर दोन-तीन वर्षांनी ओळीतली आणि ओळींमधली माती वेगवेगळी तपासा, आणि पुढच्या हंगामात ओळ हातभर सरकवा.